न जुळणारी फाइलसिस्टिम फीचर्स: फॉरमॅट करण्याआधी आणि स्क्रिप्ट लिहिताना पहारा कसा बसवायचा

महापेच्या एखाद्या ऑफिसात नव्या लिनक्स मशीनवर चार टीबीची डिस्क फॉरमॅट होते, तिच्यावर बॅकअप चढतो आणि डिस्क ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या जुन्या सर्व्हरला जोडली जाते. माउंट होते, फाइली दिसतात, सगळे खूश. काही आठवड्यांनी पावसात लाइट जाते, सर्व्हर उठताना डिस्क तपासायला घेतो आणि स्क्रीनवर येतं: ‘हॅज अनसपोर्टेड फीचर: फीचर_सी१२’. खाली आणखी एक ओळ: ‘गेट अ न्यूअर व्हर्जन ऑफ ई२एफएससीके!’

डिस्क बिघडलेली नसते, डेटाही शाबूत असतो. फक्त त्या डिस्कवरच्या फाइलसिस्टिमचं (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचं) चालू असलेलं एक फीचर जुन्या सर्व्हरच्या तपासणी साधनाला, म्हणजे ई२एफएससीकेला, माहीत नसतं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, माहीत होतं, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ऐरोली-रबाळे-तुर्भ्यापासून घोडबंदर रोडपर्यंत छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणारे. दोन, डिस्क फॉरमॅट करणाऱ्या किंवा तिची सेटिंग बदलणाऱ्या स्क्रिप्ट आणि टूल लिहिणारे. भर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच भेटते; एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि झेडएफएसबद्दल शेवटी थोडं आहे. कमांड आणि फीचरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाकायची.

आधी तीन खाने समजून घ्या

ईएक्सटी घराण्यातल्या फाइलसिस्टिमचा सुपरब्लॉक (तिची मुख्य माहिती ठेवणारी जागा) डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून बसलेला असतो. त्यात फीचर्सचे तीन खाने आहेत, प्रत्येकी ३२ बिटांचे: कॉम्पॅट, आरओ-कॉम्पॅट आणि इनकॉम्पॅट. फीचर चालू केलं की त्याच्या खान्यातला त्याचा बिट १ होतो.

अनोळखी बिट दिसला तर काय करायचं, हे कर्नल त्या खान्यावरून ठरवतो. कॉम्पॅटमध्ये असेल तर दुर्लक्ष करून नेहमीसारखं माउंट. आरओ-कॉम्पॅटमध्ये असेल तर फक्त वाचण्यापुरतं माउंट. इनकॉम्पॅटमध्ये असेल तर साफ नकार.

ई२एफएससीके मात्र इतकं उदार नाही. तिन्हीपैकी कुठल्याही खान्यात अनोळखी बिट दिसला की ते हात वर करतं, आणि ते बरोबरच आहे. दुरुस्ती करणाऱ्याला डिस्कवरची प्रत्येक रचना ओळखता आली पाहिजे, नाहीतर जी रचना कळली नाही तीच तो चुकीची समजून ‘दुरुस्त’ करायला घेईल.

वरच्या संदेशातला ‘सी१२’ आता वाचता येतो. सी म्हणजे कॉम्पॅट, १२ म्हणजे शून्यापासून मोजत बारावा बिट. तो आहे ऑर्फन_फाइल (नाव पुसलं गेलं पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची नोंद ठेवणारं) या फीचरचा. तसंच ‘आर’ म्हणजे आरओ-कॉम्पॅट आणि ‘आय’ म्हणजे इनकॉम्पॅट. असा संदेश आला की नाव शोधत बसण्याआधी अक्षर बघा. प्रकरण किती गंभीर आहे ते अक्षरच सांगतं.

ऑर्फन_फाइलला लिनक्स ५.१५ पासून आधार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्स (ईएक्सटी घराण्याच्या साधनांचा संच) १.४७.० ने ते आणि मेटाडेटा_सीसम_सीड, ही दोन्ही फीचर्स डिफॉल्ट केली. उबंटू २२.०४ मध्ये कर्नल ५.१५ आहे, पण ई२एफएसप्रॉग्स १.४६.५. म्हणजे एकाच मशीनवर कर्नल हो म्हणतो आणि तपासणीचं साधन नाही म्हणतं. ‘माउंट झालं म्हणजे जुळतं’ हा समज नेमका इथे फसतो.

यात आणखी एक गंमत आहे. ही फाइलसिस्टिम लिहिण्यासाठी माउंट झाली की कर्नल आरओ-कॉम्पॅट खान्यात ऑर्फन_प्रेझेंट नावाचा दुसरा बिट लावतो आणि नीट अनमाउंट केल्यावर काढून टाकतो. अनमाउंट न करता डिस्क उपटली, किंवा लाइट गेली, की तो बिट तसाच राहतो. मग ५.१५ च्या आधीच्या कर्नलवर कालपर्यंत बिनबोभाट लिहिली जाणारी तीच डिस्क आज फक्त वाचता येते. लोक केबल बदलतात, पोर्ट बदलतात, डिस्कच्या नावाने बोटं मोडतात.

पायरी १: या डिस्कला कोण कोण हात लावणार, त्याची यादी करा

फीचर निवडण्याआधी हे काम. डिस्क ज्या मशीनवर तयार होते तिथलं सगळं तिला ओळखतच असतं, तो प्रश्नच नाही. पुढे तिला कोण उघडणार ते महत्त्वाचं. साधारणपणे चौघे असतात: माउंट करणारा कर्नल, तपासणी-दुरुस्तीची साधनं, बूटलोडर (मशीन चालू होताना कर्नल आणणारा, जसा ग्रब), आणि अडीअडचणीला लावायचा लाइव्ह पेनड्राइव्ह. कर्नलची आवृत्ती ‘युनेम -आर’ सांगेल, साधनांची ‘एमकेई२एफएस -व्ही’ (व्ही कॅपिटल). एमकेई२एफएस म्हणजे फॉरमॅट करणारं साधन.

पेनड्राइव्ह हमखास विसरला जातो. ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला तो पेनड्राइव्ह नेमका सर्व्हर उठत नाही त्या रात्री बाहेर येतो आणि त्यातली साधनं डिस्कला ओळखत नाहीत. सर्व्हर बदलाल तेव्हा पेनड्राइव्हही नवा करा.

बूटलोडरची गोष्ट निराळी. ग्रबला कर्नल इमेज वाचण्यापुरतंच फाइलसिस्टिम समजावं लागतं, पण त्याचं इनकॉम्पॅट फीचर्सचं ज्ञान स्वतःचं असतं, कर्नलवरून आलेलं नसतं. मेटाडेटा_सीसम_सीड हे इनकॉम्पॅट फीचर लिनक्सला ४.४ पासून माहीत आहे, पण मूळ ग्रब २.०६ ला नव्हतं, २.१२ ला आहे. मधल्या काळात काही डिस्ट्रोंनी आपापल्या ग्रबला ठिगळ लावलं, काहींनी डिफॉल्टच बंद ठेवलं. म्हणून ‘/बूट’ ज्या पार्टिशनवर असेल तिथे हौसेने नवी फीचर्स चालू करायची नाहीत. डेटाच्या पार्टिशनवर काय ते प्रयोग करा.

पायरी २: डिस्कवर आत्ता काय आहे ते वाचा

‘डंपई२एफएस -एच’ आणि पुढे डिव्हाइसचं नाव. यातून फक्त सुपरब्लॉकची माहिती येते, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. ‘फाइलसिस्टिम फीचर्स’ ही ओळ उचला आणि मशीनच्या नोंदवहीत डिस्कच्या सिरियल नंबरसोबत ठेवा. जमल्यास फॉरमॅट केलं त्या दिवसाची एमकेई२एफएसची आवृत्तीही लिहा. उद्या दुसरा कुणी हे सांभाळायला आला तर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

‘/सिस/एफएस/ईएक्सटी४/फीचर्स’ या फोल्डरमध्ये चालू कर्नलची काही फीचर्स दिसतात. पण ती यादी पूर्ण नाही. जुनी, सर्वमान्य फीचर्स तिथे नसतात, त्यामुळे ‘इथे नाव नाही म्हणजे आधार नाही’ असा निष्कर्ष काढणारी स्क्रिप्ट लिहू नका.

पायरी ३: कुठली जोडी जमत नाही आणि का

नियम पाठ करण्यापेक्षा कारण कळलं तर नवी जोडी समोर आली तरी अंदाज येतो.

रिसाइझ_आयनोड आणि मेटा_बीजी एकत्र चालत नाहीत. फाइलसिस्टिम वाढली की ब्लॉक ग्रुपचं वर्णन ठेवणारा तक्ताही वाढतो. रिसाइझ_आयनोड त्यासाठी तक्त्याला लागून आधीच जागा राखून ठेवतं, सोसायटीने पुढे येणाऱ्या गाड्यांसाठी पार्किंगचे पट्टे आधीच मारून ठेवावेत तसं. डिफॉल्टमध्ये फाइलसिस्टिम सुरुवातीच्या १०२४ पट वाढू शकेल इतकी जागा धरायचा प्रयत्न होतो. मेटा_बीजी हा तक्ता एका जागी ठेवतच नाही, डिस्कभर तुकड्यांनी विखुरतं. म्हणजे एक म्हणतं तक्त्याशेजारी जागा राख, दुसरं म्हणतं असा सलग तक्ताच नाही. एमकेई२एफएस इथे सरळ थांबतं आणि दोन्ही नावं घेऊन सांगतं. मेटा_बीजी हवं असेल तर रिसाइझ_आयनोड स्वतः काढावं लागतं, कारण ते डिफॉल्टमधून आलेलं असतं.

अनइनिट_बीजी आणि मेटाडेटा_सीसम यांचं भांडण अधिक नाजूक आहे. ग्रुप डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे वरच्या तक्त्यातल्या एका नोंदीत, चेकसम (मजकूर बदलला का ते पकडणारा आकडा) ठेवायची एकच जागा आहे. अनइनिट_बीजी तिथे सीआरसी१६ लिहितं, मेटाडेटा_सीसम तिथेच सीआरसी३२सी चे खालचे १६ बिट लिहितं. दोन्ही बिट लागलेले असतील तर त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? म्हणून नियम असा की मेटाडेटा_सीसम असेल तर अनइनिट_बीजीचा बिट नको. कर्नल माउंट करताना तक्रार करतो आणि ई२एफएससीके जादा बिट काढून टाकायचं सुचवतं.

काही नियम ‘एकत्र नको’ असे नसून ‘हे हवं तर ते हवंच’ असे असतात. बिगअलॉकला (जागा मोठ्या गठ्ठ्यांनी देणारं) एक्स्टेंट (सलग ब्लॉकांची एकत्र नोंद ठेवणारं) लागतंच. मेटाडेटा_सीसम_सीडला मेटाडेटा_सीसम लागतंच. इनलाइन_डेटासाठी (छोटी फाइल आयनोडमध्येच, म्हणजे फाइलच्या नोंदीच्या खणातच, ठेवणारं फीचर) १२८ बाइटचा आयनोड पुरत नाही. हा नियम तर दोन फीचर्समधला नाहीच, फीचर आणि आकार यांच्यातला आहे. फक्त फीचर-जोड्यांचा तक्ता करणाऱ्या टूलमधून असे नियम निसटतात.

इशारा देण्यापुरते नियमही असतात. मेटाडेटा_सीसम चालू आणि ६४बिट बंद असेल तर फाइलसिस्टिम चालते, पण डिस्क्रिप्टर ३२ बाइटचाच राहिल्याने बिटमॅपच्या (कुठली जागा भरलेली आहे त्या नकाशाच्या) चेकसमचे अर्धेच बिट साठतात. इथे नकार देणं जास्तीचं होईल. सांगावं आणि पुढे जाऊ द्यावं.

आणि काही नियम काळाबरोबर बदलतात. फाइलनावातला कॅपिटल-स्मॉल फरक न मानणारं केसफोल्ड ईएक्सटी४ मध्ये लिनक्स ५.२ ला, २०१९ मध्ये आलं. एनक्रिप्टसोबत मात्र ते चालत नव्हतं. दोन्ही एकत्र चालणं ५.१३ पासून, म्हणजे २०२१ पासून शक्य झालं. अशा नियमाला ‘कुठल्या कर्नलपर्यंत’ हा रकाना लागतो. तो नसला की टूल एकतर जुन्या मशीनवर घात करतं, नाहीतर नव्या मशीनवर विनाकारण अडवतं. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण अडलेला माणूस मग पहाराच बंद करायची वाट शोधतो.

कृतीशी भांडणारी फीचर्सही लक्षात ठेवा. स्टेबल_आयनोड्स चालू असेल तर ट्यून२एफएस (सेटिंग बदलणारं साधन) यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) बदलू देत नाही आणि रिसाइझ२एफएस फाइलसिस्टिम लहान करू देत नाही. यूयूआयडी आणि आयनोड क्रमांक एनक्रिप्शनच्या गणितात धरलेले असू शकतात. ते हलले तर फाइली उलगडणारच नाहीत. दोन फीचर्सचं पटतंय म्हणून निर्धास्त राहून उद्या डिस्क लहान करायला गेलात तर दार बंद.

पायरी ४: खऱ्या डिस्कआधी रिकाम्या फाइलवर करून बघा

‘ट्रंकेट’ने एक जीबीची फाइल बनवा. ती आतून पोकळ असते, जागा जवळजवळ खात नाही. तिच्यावर हवी ती फीचर्स देऊन एमकेई२एफएस चालवा. रूटची परवानगीही लागत नाही. मग ‘ई२एफएससीके -एफ -एन’ने तपासा, ‘-एन’मुळे ते फक्त वाचतं. मग ती फाइल जुन्या सर्व्हरवर नेऊन तिथल्या ई२एफएससीकेलाही दाखवा आणि लूप डिव्हाइसने माउंट करून दोन फाइली लिहून पाहा. चार टीबीची डिस्क बसमध्ये मांडीवर घेऊन महापे ते ठाणे नेण्याआधी ही छोटी फाइल पाठवणं सोपं.

कॅपिटल अक्षराकडे लक्ष असू द्या. फीचर्ससाठी कॅपिटल ओ. ट्यून२एफएसला स्मॉल ओ दिलं तर ते डिफॉल्ट माउंट ऑप्शन समजतं. फीचर काढायचं असेल तर नावाआधी टोपीचं चिन्ह (^).

पायरी ५: डिफॉल्ट आपल्या ताब्यात ठेवा

एमकेई२एफएसची डिफॉल्ट ‘/ईटीसी/एमकेई२एफएस.कॉन्फ’ मध्ये असतात आणि प्रत्येक डिस्ट्रो ती आपल्या पद्धतीने बदलते. एकच कमांड दोन मशीनवर दोन वेगळी फीचर्स देते ती यामुळे. ट्यूटोरियलमधली कमांड उचलून चालवणाऱ्यांची फसगतही इथेच होते.

उपाय: त्या फाइलच्या ‘एफएस_टाइप्स’ विभागात आपला एक प्रकार बनवा, समजा ‘जुनासर्व्हर’. त्याच्या फीचर्सच्या ओळीत टोपी लावून ऑर्फन_फाइल आणि मेटाडेटा_सीसम_सीड लिहा. मग फॉरमॅट करताना ‘-टी’ (स्मॉल) ईएक्सटी४ आणि ‘-टी’ (कॅपिटल) जुनासर्व्हर असं द्या. आधी ईएक्सटी४ ची फीचर्स लागू होतात, त्यावर तुमचे बदल. सिस्टिमच्या फाइलला हात लावायचा नसेल तर वेगळी कॉन्फिग फाइल करून एन्व्हायर्नमेंटमधल्या ‘एमकेई२एफएस_कॉन्फिग’ या व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. ऑफिसात दोनच सर्व्हर असले तरी हे करा.

पायरी ६: डेटा असलेल्या डिस्कवर फीचर बदलताना

क्रम मोडू नका. अनमाउंट. ‘ई२एफएससीके -एफ’ने आधी निर्मळ करून घ्या. मग बदल, आणि बदलानंतर पुन्हा ‘ई२एफएससीके -एफ’.

बदल करताना ट्यून२एफएसला ‘-झेड’ देऊन अनडू फाइलचा पत्ता द्या. जे ब्लॉक बदलणार त्यांची जुनी प्रत त्या फाइलमध्ये जाते आणि गडबड झाली तर ‘ई२अनडू’ने मागे येता येतं. अनडू फाइल अर्थातच दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही सोय बॅकअपची जागा घेत नाही. बॅकअप नसेल तर या पायरीवर येऊच नका.

सुरुवातीच्या सी१२ वाल्या डिस्कचा उतारा असा: डिस्क १.४७ असलेल्या मशीनला परत लावा, माउंट न करता तपासा, ट्यून२एफएसने टोपी लावून ऑर्फन_फाइल काढा, पुन्हा तपासा. बस, जुना सर्व्हर आता तिला ओळखेल. जुन्या सर्व्हरवर बसून हे होणार नाही, कारण तिथल्या ट्यून२एफएसलाही ते फीचर माहीत नाही.

सगळी फीचर्स अशी सहज निघत नाहीत. ६४बिट ट्यून२एफएसने निघत नाही. ते काम रिसाइझ२एफएसचं, ‘-एस’ने बंद आणि ‘-बी’ने चालू. मेटाडेटा_सीसम_सीडमध्ये वेगळीच मेख आहे. मेटाडेटा_सीसममध्ये चेकसमचं बीज यूयूआयडीपासून काढलेलं असतं. सीड फीचर ते बीज सुपरब्लॉकमध्ये वेगळं साठवतं, म्हणून चालू डिस्कचाही यूयूआयडी बदलता येतो. पण एकदा यूयूआयडी बदलला आणि नंतर सीड काढायला गेलात, तर साठवलेलं बीज आणि नव्या यूयूआयडीपासून निघणारं बीज जुळत नाही. सगळ्या मेटाडेटाचे चेकसम नव्याने लिहावे लागतात आणि त्यासाठी डिस्क अनमाउंट लागते. म्हणजे फीचर काढता येईल का, याचं उत्तर आजच्या फीचर्सवर नव्हे, मधल्या काळात काय घडलं त्यावर अवलंबून असतं.

पायरी ७: स्वतःच्या टूलमध्ये पहारा कसा लिहायचा

अंतिम संच तपासायचा, आणि डिस्कवर पहिला बाइट लिहिण्याआधी तपासायचा. या एका गोष्टीवर मी अडून बसतो.

बहुतेक स्क्रिप्ट मागणीतली नावं एकेक वाचत जातात आणि वाचता वाचताच तपासतात. ‘मेटा_बीजी, टोपी-रिसाइझ_आयनोड’ अशी मागणी घ्या. पहिलं नाव वाचलं तेव्हा डिफॉल्टमधलं रिसाइझ_आयनोड अजून संचात आहे, म्हणून स्क्रिप्ट भांडण समजून थांबते. तीच मागणी उलट क्रमाने दिली की सुरळीत चालते. नावांचा क्रम बदलला म्हणून निकाल बदलत असेल तर तपासणी चुकीच्या जागी आहे. ढाचा असा ठेवा:

आत्ताचा संच = डिस्कवरची फीचर्स; नवी डिस्क असेल तर कॉन्फिगमधली
अंतिम संच = आत्ताचा संच + वाढवायची − काढायची; एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं खरं
अनोळखी बिट दिसला → थांब
प्रत्येक नियम अंतिम संचावर लाव. मोडला तर तक्रार यादीत टाक
यादीत काही असेल → सगळ्या तक्रारी एकदम दाखव, शून्याव्यतिरिक्त कोड देऊन बाहेर पड
यादी रिकामी → आता लिहायला घे

‘सगळ्या तक्रारी एकदम’ हे मुद्दाम. एक चूक दाखवून थांबणाऱ्या टूलला माणूस चार वेळा चालवतो आणि पाचव्यांदा ‘फोर्स’ लावतो.

दुसरा प्रश्न: भांडणातलं एक फीचर माणसाने मागितलंय आणि दुसरं डिफॉल्टमधून आलंय. मग काय? डिफॉल्टवालं गुपचूप काढून टाकावं असं वाटतं. अनइनिट_बीजीच्या बाबतीत ते खपून जातं, कारण मेटाडेटा_सीसम त्याचं काम करतंच. पण रिसाइझ_आयनोड गुपचूप गेलं तर पुढे डिस्क वाढवायची सोय बदलते आणि मालकाला पत्ता नसतो. माझा नियम: जे फीचर गेल्याने माणसाची एखादी सोय कमी होते, ते त्याने स्वतःच्या हाताने काढावं. टूलने फक्त नेमका पर्याय सुचवावा. आणि माणसाने स्पष्ट मागितलेलं फीचर तर कधीच गाळू नये.

तिसरी गोष्ट, पहारा एकाच दारावर नको. जोडी एमकेई२एफएसने अडवली तरी ट्यून२एफएसच्या वाटेने आत येऊ शकते, आणि डीबगएफएसची ‘फीचर’ कमांड तर बिट थेट लावते-काढते. फॉरमॅटच्या वेळी नियम तपासणारं पण बदलाच्या वेळी विसरणारं टूल फार सापडतं. म्हणून नियमांचा तक्ता एका लायब्ररीत किंवा एका फाइलमध्ये ठेवा आणि लिहिणाऱ्या प्रत्येक कमांडने तोच वाचावा. दोन ठिकाणी नक्कल केलेला तक्ता सहा महिन्यांत दोन तऱ्हांचा होतो.

तक्त्यात पाच रकाने पुरतात: पहिलं फीचर, दुसरं फीचर किंवा आकार किंवा कृती, नात्याचा प्रकार (एकत्र नको, हवंच, इशारा), कुठल्या आवृत्तीपर्यंत, आणि कारण. कारणाचा रकाना आळसाने रिकामा ठेवू नका. संदेश तिथूनच बनतो. ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ हा संदेश नव्हे. ‘मेटा_बीजी तुम्ही मागितलंय, रिसाइझ_आयनोड कॉन्फिगमधून आलंय, दोन्ही एकत्र चालत नाहीत, रिसाइझ_आयनोडला टोपी लावा’ हा संदेश. रात्री अकराला डेटा सेंटरच्या थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाला हाच उपयोगी पडतो.

माउंट ऑप्शनचीही अशीच भांडणं असतात. डेटा=जर्नल आणि डिलॲलॉक दोन्ही स्पष्ट मागितली तर ईएक्सटी४ माउंट नाकारतं; इनलाइन_डेटा असलेल्या फाइलसिस्टिमवर डॅक्स (मधली मेमरी वगळून थेट वाचणं-लिहिणं) चालत नाही. तुमचं टूल एफएसटॅबमध्ये (बूटवेळी काय माउंट करायचं त्याच्या फाइलमध्ये) ओळ घालत असेल तर हे नियमही त्याच तक्त्यात हवेत, नाहीतर चूक थेट पुढच्या रीबूटला कळेल.

शेल स्क्रिप्टवाल्यांसाठी एक टीप. ई२एफएससीके ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे चुका होत्या आणि दुरुस्त केल्या, ४ म्हणजे चुका राहिल्या, ८ म्हणजे साधनाला कामच करता आलं नाही. हे कोड बेरजेनेही येतात. ‘शून्य नाही म्हणजे बिघाड’ असं धरणारी स्क्रिप्ट दुरुस्त झालेल्या डिस्कलाही नापास करते. त्याहून वाईट म्हणजे आउटपुट फेकून देऊन कोड न बघणारी.

पायरी ८: पहाऱ्याची परीक्षा

वीस फीचर्स असतील तर जोड्या होतात १९०. पोकळ फाइलींवर एवढ्या चाचण्या एका चहात होतात, म्हणून निवडक जोड्यांवर भागवू नका. प्रत्येक जोडीसाठी: फाइल बनवा, टूल चालवा. टूलने होकार दिला तर ई२एफएससीकेने ती फाइल निर्मळ म्हटली पाहिजे. नकार दिला तर फाइलचा शा२५६ हॅश आधी होता तोच राहिला पाहिजे. अनेक टूलं नकार देतात खरी, पण तोवर सुपरब्लॉकवर अर्धं काहीतरी लिहून बसलेली असतात. ते या हॅशमध्ये पकडलं जातं.

ट्यून२एफएससारख्या बदलाच्या वाटेची परीक्षा वेगळी घ्या: आधी एक फीचर लावून फॉरमॅट, मग दुसरं वाढवायचा प्रयत्न, आणि उलट क्रमानेही. दोन्हीकडून निकाल एकच यायला हवा. मग मुद्दाम डीबगएफएसने निषिद्ध जोडी लावून बघा की तुमचं टूल ती वाचताना ओळखतं का. ई२एफएसप्रॉग्सच्या सोर्समधलं ‘टेस्ट्स’ फोल्डर नमुन्यासाठी चाळण्यासारखं आहे. ‘एम_’ने सुरू होणाऱ्या चाचण्या फॉरमॅटच्या, ‘टी_’च्या ट्यून२एफएसच्या, ‘एफ_’च्या तपासणीच्या.

एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि झेडएफएस असेल तर

एक्सएफएसमध्ये बरीचशी फीचर्स सीआरसीवर (मेटाडेटाच्या चेकसमवर) उभी आहेत. सीआरसी बंद केलं की फायएनओबीटी, रिफ्लिंक, आरमॅपबीटी यांपैकी काहीच चालत नाही आणि एमकेएफएस तसं बजावतं. जुन्या कर्नलसाठी डिस्क बनवायची असेल तर ‘/युएसआर/शेअर/एक्सएफएसप्रॉग्स/एमकेएफएस’ मध्ये ‘एलटीएस_५.४’, ‘एलटीएस_५.१०’ अशा नावांच्या तयार कॉन्फिग फाइली येतात. ‘-सी ऑप्शन्स=’ने ती फाइल द्यायची. ईएक्सटी४ साठी आपण हाताने केलेलं काम इथे तयार मिळतं. बीटीआरएफएसमध्ये ‘एमकेएफएस.बीटीआरएफएस -ओ लिस्ट-ऑल’ फीचर्सची यादी देतं आणि कुठल्या कर्नलपासून काय चालतं तेही सांगतं.

झेडएफएसमध्ये पूलचं (डिस्कांच्या एकत्रित साठ्याचं) प्रत्येक फीचर डिसेबल्ड, एनेबल्ड आणि ॲक्टिव्ह अशा तीन अवस्थांत असतं. ओपनझेडएफएस २.१ पासून पूलला ‘कॉम्पॅटिबिलिटी’ ही प्रॉपर्टी देता येते. तिच्यात ज्या फाइलचं नाव द्याल तेवढीच फीचर्स चालू होतात, आणि ग्रबसाठीही तयार फाइल आहे. पूल बनवतानाच ती द्या. कारण ‘झेडपूल स्टेटस’मध्ये काही फीचर्स चालू नाहीत अशी ओळ दिसली की कुणीतरी सरळमनाने ‘झेडपूल अपग्रेड’ मारतं, आणि एकदा चालू झालेलं फीचर पुन्हा डिसेबल्ड करता येत नाही. ती ओळ म्हणजे बिघाड नाही, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.